फुलांच्या खोळीतली तिसरी बाटली

आमच्या बाबांच्या घरात दारूची बाटली उंबरठ्याच्या आत येत नाही, म्हणून माझी परीक्षा वावरात झाली. वावर केनवडचं, विहिरीला लागून असलेला दोन एकरांचा तुकडा. परीक्षा अशी, की न पाहता वाइन चाखायची आणि ती कोणत्या द्राक्षाची ते सांगायचं. बरोबर सांगितलं तर त्या तुकड्यात मी द्राक्षाचे वेल लावायचे, चुकले तर माझा थोरला भाऊ दरवर्षीसारखं सोयाबीन पेरणार. यातली गंमत अशी की तो तुकडा माझाच होता.

माझं लग्न झाल्यावर बाबांनी तो माझ्या नावावर करून दिला होता. तेव्हा गावात कुजबुज झाली, भावकीतल्या चार शहाण्यांनी येऊन समजावलंही. बाबांनी त्यांना चहा पाजला आणि म्हणाले, "पोट्टी हाय म्हनून तिची साडीचोळीवर बोळवन कराची का?" विषय संपला. मी मात्र नवऱ्याच्या नोकरीपायी अमेरिकेला गेले, नॉर्थ कॅरोलायना नावाच्या राज्यात, आणि तुकडा दादा वाहू लागला. पडीक ठेवण्यापेक्षा ते बरंच होतं. मी कधी त्यातलं पोतंभर सोयाबीनही मागितलं नाही. न मागितल्याचा परिणाम असा होतो की काही वर्षांनी मागणारीच चोर ठरते.

तिकडे सुरुवातीला मला नोकरी करायची परवानगी नव्हती. घरात बसून भिंती पाहायच्या आणि रविवारी माहेरी फोन करायचा. परवानगी आली तेव्हा जवळच्या एका द्राक्षाच्या मळ्यात कामाला लागले. आधी तोडणीला, मग तळघरात टाक्या धुवायला, आणि पुढे टाकीतली वाइन कुठवर आली ते चाखून सांगायला. घरी फोनवर सांगितलं, "अंगूराच्या मळ्यात जाते." दादा म्हणाला, "बरं हाय, अंगूर खाले भेटतात." आम्ही परत येऊन वाशीमला घर केलं तोवर कुणी मला विचारलं नाही की कोणते अंगूर, त्याचं काय करता, तुला त्यातलं काय येतं. मी पण चिडून सांगितलं नाही. विचारलंच नाही तर सांगायचं कशाला?

ते अंगूर म्हणजे मस्कडाइन. नाशिक-सांगलीकडचे घड डोळ्यांसमोर आणू नका. याला घड असा नसतोच. मोठ्या बोराएवढे गोल दाणे, चार-पाच एकत्र लागतात आणि पिकले की एकेक करून गळतात. वेलाखाली ताडपत्री अंथरून हलवलं की टपाटप पडतात. साल इतकी जाड की दाताखाली फुटली की आतला गर बुळबुळीत उडी मारून जिभेवर येतो, मागे बिया राहतात. काळे असतात आणि पांढरेही. पांढरे म्हणजे प्रत्यक्षात पिकल्या बोराच्या रंगाचे, हिरवट तांबूस. आणि वास? तोडणीच्या दिवसांत मळ्याच्या फाटकाबाहेर गाडी थांबवली तरी वास येऊन गळ्यात पडायचा. वाइनमधले दर्दी म्हणवणारे लोक त्या वासाला नाक मुरडतात. जंगली म्हणतात, गावंढळ म्हणतात. मी केनवडची. मला त्यात नाक मुरडण्यासारखं काही सापडलं नाही.

इथे आल्यावर मला मस्कडाइनच लावायचं होतं असं नाही. परदेशातून रोप आणायचं म्हणजे सरकारी तपासण्यांचं दुखणं, तो नाद मी केलाच नाही. मला नाशिककडे वाइनसाठी लावतात ती साधी पांढरी जात हवी होती. विहिरीजवळची जमीन मुरमाड आहे, पाणी धरून ठेवत नाही, सोयाबीन तिथे तसंही रडतखडतच येतं. काळ्या कसदार वावरात वेल लावायला मीही काही भैताड नाही. हे सगळं मी दादाला नीट, शांतपणे सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि बाबांकडे पाहून म्हणाला, "अंगूर नाशिकले होते, वाशीमले नाई. आन् हिले काय समजते? चार साल तिकडे टाक्या धुतल्या, झाली का मोठी हुशार?"

चार सालं नव्हती, जास्त होती. आणि टाक्या धुतल्या, तर धुतल्या. ज्याला टाकी धुता येत नाही त्याची वाइन आंबून शिरका होते. पण हे वाक्य मला त्या वेळी सुचलं नाही, नंतर आंघोळ करताना सुचलं. माझी उत्तम उत्तरं सगळी न्हाणीघरातली आहेत.

बाबांची हयात बैलबाजारात गेली. बैल घ्यायचा असला की आसपासच्या गावांतली माणसं त्यांना सोबत न्यायची. विकणारा काय सांगतो त्याकडे बाबा लक्षच द्यायचे नाहीत. गाडीत ओझं भरायचं, चाकं दोरानं बांधून टाकायची, म्हणजे ती फिरणार नाहीत, आणि त्या गाडीला बैल जुंपायचा. मान खाली घालून तो ओढतो की अंग टाकतो, एवढंच बघायचं. "जुपून पाहा, मंग बोला," हा त्यांचा कायदा. जावई निवडतानाही त्यांनी नवऱ्याकडून आमच्या विहिरीतून पाणी शेंदून घेतलं होतं. बिचारा कॉम्प्युटरवाला, तळहात सोलून घेऊन परत गेला, तरी लग्नाला हो म्हणाला.

दादाचं आणि माझं वाजलं ते दिवाळीच्या तोंडावर. तेव्हा माझा चुलतभाऊ पुण्याहून आला होता. तो एका मोठ्या हॉटेलात वाइनचं सगळं पाहतो. त्यासाठी कसलासा अभ्यासक्रम केलाय, कोटावर द्राक्षाच्या घडाचा बिल्ला लावतो. मुलगा वाईट नाही, पण बिल्ला लावल्यापासून मान जरा ताठ झाली आहे. तो म्हणाला, "ताई, आमच्याकडे यावर सोपा उपाय असतो. बाटल्या झाकायच्या, चाखायचं, सांगायचं. कळतं की नाही ते तिथल्या तिथे कळतं. मी भाऊबीजेला तीन बाटल्या घेऊन येतो."

बाबांचे डोळे लकाकले. "हे तं जुपून पाह्यल्यासारखंच हाय," ते म्हणाले.

मी हो म्हटलं. राग आला होता म्हणून म्हटलं, आणि खरं सांगायचं तर खुमखुमीही होती. इतक्या वर्षांत माहेरच्या माणसांसमोर मला येतं ते करून दाखवायची वेळच आली नव्हती.

पंच कोण, हा प्रश्न बाबांनी सोडवला. जो पीत नाही तोच पंच. वाशीमच्या बाजारात त्यांच्या जुन्या दोस्ताचं कापडाचं दुकान आहे, आम्ही त्यांना चाचा म्हणतो. चाचा म्हणाले, "मी शिशीले हात नाई लावनार, पहिलेच सांगून देतो. पन खोळी शिवून देतो, आन् कान देतो. इमान का मामला है." त्यांनी कटपीसमधून तीन खोळी शिवल्या, एक हिरवी, एक चौकड्याची आणि एक फुलाफुलांची. चुलतभावानं बाटल्या खोळीत घालून वरून दोरी आवळायची आणि कोणत्या खोळीत काय ते चाचांच्या कानात सांगायचं, असं ठरलं.

भाऊबीजेला दादानं ओवाळणीत साडी दिली. चांगली दिली, जरीकाठाची. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे जीपमध्ये बसून वाशीमहून केनवडला निघालो, दादा माझ्या तुकड्यात माझी परीक्षा पाहायला आणि मी त्याचीच साडी नेसून परीक्षा द्यायला.

रस्त्यानं पहिला निकाल दिला. चुलतभावानं पुण्याहून काचेचे पातळ, उंच दांड्याचे पेले आणले होते, खोक्यात कागद कोंबून. केनवडचा फाटा येईपर्यंत त्यातला एकही धड राहिला नव्हता. वहिनीनं, म्हणजे दादाच्या बायकोनं, खोक्यात डोकावून पाहिलं, वावरातल्या खोलीत गेली आणि मजुरांना चहा देतात ते स्टीलचे ग्लास घेऊन आली. विहिरीच्या पाण्यानं दोनदा विसळले, पदरानं पुसले.

चुलतभावाचा चेहरा पडला. "ताई, स्टीलमध्ये नाही जमणार. वास मरतो. रंगही दिसत नाही. पांढरी की लाल तेही कळणार नाही तुला. आपण पुढच्या वेळी करू."

"पुढल्या वेळी पेरनी होऊन जाईन," मी म्हटलं. "आन ते ग्लास इकडे."

सोयाबीन निघालेलं होतं, मळणीनंतरच्या कुटाराचा, भुशाचा ढीग एका बाजूला पडला होता. बांधाकडच्या तासांत, म्हणजे ओळींत, तूर फुलावर होती. विहिरीशेजारी कडुलिंबाच्या सावलीत सतरंजी अंथरली. बादलीत विहिरीचं गार पाणी घेऊन त्यात खोळीसकट बाटल्या बुडवून ठेवल्या. बाबा खाटेवर, चाचा त्यांच्यापासून थोडं लांब, वाऱ्याच्या उलट बाजूला, नाकापुढे रुमाल धरून. दादा उभाच राहिला. बसला असता तर परीक्षेला मान दिल्यासारखं झालं असतं.

पहिली हिरवी खोळ. मी ग्लास हुंगला, घोट घेतला, तोंडभर फिरवला आणि कुटारावर थुंकले.

"थुकून राह्यली व ही!" दादा ओरडला. "एवढी पुन्याहून आनली ते थुकाले?"

बाबा मात्र खुश झाले. मुलगी दारू पिते की काय ही त्यांच्या मनातली अढी त्या एका थुंकीनं गेली. "चूळ भरते ते, पीत नाई," त्यांनी चाचांना सांगितलं.

ती नाशिककडच्या चेनिन द्राक्षाची होती, थोडी पेरूची, थोडी मधाची. सांगितलं. चाचांनी मान हलवली, "बराबर." दुसरी चौकड्याची. हिरव्या मिरचीचा देठ मोडल्यावर येतो तसा वास, सोव्हिन्यॉं. हीसुद्धा बराबर. चुलतभाऊ माझ्याकडे जरा सावरून पाहू लागला, दादा तुरीकडे.

मग फुलांची खोळ आली. ग्लास नाकाशी नेला आणि माझा हात थांबला. डोळ्यांत पाणी आलं, अगदी सगळ्यांसमोर. स्टीलच्या ग्लासात, चहाच्या त्या जुनाट वासावर मात करून, माझा मळा होता. पिकून तडकलेलं शेंदाड, ते वावरात आपोआप उगवणारं खरबुजासारखं फळ, केळीची काळी पडलेली साल आणि त्यावरून संत्र्याच्या बहराची एक झुळूक. ताडपत्रीवर दाणे पडल्याचा आवाजच तेवढा यायचा राहिला होता.

चुलतभाऊ म्हणाला, "गोड आहे, वास जोरदार आहे. मस्कत म्हणायला हरकत नाही ना, ताई?"

तो माझ्यासाठी सापळा लावत होता. मस्कत या द्राक्षाचा वास मी ओळखते. तो गुलाबाचा, अत्तराच्या फायासारखा, नेटका, इस्त्री केलेला. हा वास तसा नेटका नव्हता. यात सालीसकट सगळं फळ होतं, पिकून उतू गेलेलं.

"मस्कत नाई," मी म्हटलं. "याले शेंदाडाचा वास येते."

दादा खदखदून हसला. बांधाकडे बोट दाखवून म्हणाला, "बाई, ते पाय! तुरीत शेंदाड फुटून पडलं हाय. त्याचा वास तुले शिशीतून येऊन राह्यला." आणि खरंच, तुरीच्या तासात पिवळंधम्म शेंदाड फुटून पडलं होतं. चुलतभाऊही हसला. चाचांनी रुमालाआड काय केलं ते दिसलं नाही.

आता इथे मला लाज वाटायला हवी होती. माझं नाक वावरानं फसवलं असं सगळ्यांना वाटलं, क्षणभर मलाही वाटलं. वास ओळखताना हीच भीती असते, की आपण ग्लासातलं हुंगतोय की आजूबाजूचं, की आपल्याच आठवणीतलं. मी ग्लासावर तळहात झाकला, उठले आणि विहिरीला वळसा घालून पलीकडे गेले. तिथे शेंदाड नव्हतं, कुटार नव्हतं. वारा तोंडावर येत होता, तोही लांबच्या नांगरटीवरून. ग्लास दोन्ही हातांत धरून थोडा गरम होऊ दिला, कारण थंडीत वास दडून बसतो. हात काढला. शेंदाड ग्लासातच होतं.

मग घोट घेतला. आधी गोड, त्या गोडाच्या खालून आंबटपणाची धार, आणि शेवटी, थुंकायच्या आधी, हिरड्यांना धरणारा जाड सालीचा हलका तुरटपणा. रंग मला दिसत नव्हता, पण काळ्या मस्कडाइनची वाइन यापेक्षा कितीतरी जास्त धरते. म्हणजे पांढरं. दर्दी लोक ज्याला गावंढळ म्हणतात ते पांढरं मस्कडाइन, माझ्या गावाच्या विहिरीवर, मजुरांच्या ग्लासात. यापेक्षा योग्य जागा त्याला कुठे मिळणार होती?

परत येऊन मी सांगितलं. "मस्कडाइन. पांढरं. अमेरिकेच्या दक्षिनेकडचं."

चुलतभावाचं तोंड उघडंच राहिलं. त्याला तशा दोन बाटल्या हॉटेलात उतरलेल्या कुण्या अमेरिकन पाहुण्यानं दिल्या होत्या. मला ते कळूच शकणार नाही या खात्रीनं त्यानं त्यातली एक आणली होती. ताई कोणत्या अंगूराच्या मळ्यात होती हे त्यानंही कधी विचारलं नव्हतं. पण बिल्लेवाला माणूस, सावरला. "पांढऱ्या मस्कडाइनमध्येही जाती आहेत. कोणती?"

ठरावात हे होतं का, यावर मी भांडू शकले असते. भांडले नाही. वाइनसाठी लावतात त्यात दोन मुख्य, कार्लोस आणि मॅग्नोलिया. मॅग्नोलिया जरा मऊ, नुसत्या फळाची. कार्लोसला धार जास्त. मला धार लागली होती. "कार्लोस," मी म्हटलं.

सगळ्यांनी चाचांकडे पाहिलं. चाचांनी रुमाल खाली घेतला, घसा खाकरला आणि अपराध्यासारखं म्हणाले, "बेटी, पहिलं जे बोलली ते सोला आना बराबर. पन यानं माह्या कानात जात सांगतली ते मॅग्नोलिया."

चुकले. स्टीलच्या ग्लासाला दोष देता आला असता, तो मी तेव्हाही दिला नाही आणि आजही देत नाही. धार होती, मी तिचा अर्थ चुकीचा लावला.

दादानं मांडीवर थाप मारली. "हारली! संपला इषय. बाबा, तुमच्यासमोर झालं."

"दादा," चुलतभाऊ म्हणाला, आणि त्याचं पुणं एकदम गळून पडलं, "तसं नोका म्हनू गा. याची दुसरी बाटली आमच्या तिकडे मोठमोठ्यायले पाजली, सारे मस्कत म्हनले. मीबी आंधी मस्कतच म्हनलो व्हतो. ताई लय जवळ आली."

"जवळ आली म्हनजे चुकलीच ना? ठरलं ते ठरलं."

बाबा माझ्याकडे पाहत होते. बाजारात बैलाकडे पाहायचे तसेच, मान वाकवतो की अंग टाकतो. ती नजर पाहिली आणि माझ्या आत काहीतरी ताडकन उभं राहिलं. या वेळी उत्तर सुचायला न्हाणीघर लागलं नाही.

"दादा," मी म्हटलं, "या तुकड्यात सोयाबीन पेराच्या आंधी तुले कोनी डोये बांधून सोयाबीन चाखाले लावलं व्हतं का?"

"सोयाबीन काय चाखून पेरतात का, भैताडावानी?"

"मंग अंगूर काय चाखून लावतात?"

चाचा खुदकन हसले आणि लगेच रुमाल वर घेतला. मी बाबांकडे वळले. बाबांशी मी आयुष्यात कधी चढ्या आवाजात बोलले नव्हते. "बाबा, बैल जुपून पाह्यतात, काहून का तो इकत घ्याचा असते. मले इथी कोन इकत घेऊन राह्यलं? वावर माहं. तुमीच देलं. देलेल्या वावरासाठी परीक्षा कायची?"

दादाचा आवाज खाली आला होता, पण माघार घेणं आमच्या घरात कुणाच्याच रक्तात नाही. "आन् अंगूर नाई आले तं? लोकं हासतीन."

"नाई आले तं नाई आले. गेल्या साली तुहं सोयाबीन पान्यात सडलं, तवा तुले कोनी वावरातून काढलं का? कोनी म्हनलं का, याले जुपून पाहा? तू चुकला का हवामान, आन् मी चुकली का अक्कल?"

वहिनी ग्लास गोळा करत होती. तिचे हात थांबले. दादा तिच्याकडे न बघता बादलीतल्या पाण्याकडे बघत राहिला.

बाबा खाटेवरून सावकाश उठले. धोतराचा सोगा सावरला, काठी घेतली. "चुकाचं असन," ते म्हणाले, "तं मानसानं आपल्याच वावरात चुकावं." आणि जीपकडे चालू लागले. चाचा त्यांच्यामागून गेले, जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून.

फुलांच्या खोळीत अर्धी बाटली उरली होती. ती बाबांच्या वाशीमच्या घरात न्यायची सोय नव्हती, वावरात ओतून द्यायला चुलतभाऊ तयार नव्हता. ती कुठे गेली ते मी कुणाला विचारलं नाही. एवढंच सांगते, की जीपमध्ये दादानं मला खिडकीजवळची सीट दिली आणि रस्ताभर माझ्या तब्येतीची फार चौकशी केली.

उन्हाळ्याच्या तोंडाशी मी खुंटरोपं लावली. त्यांच्यावर पुढे हव्या त्या जातीचं कलम बांधायचं असतं. वाशीमच्या भाजीबाजारात मला आता वाइनवाली बाई म्हणतात. कुणी हळू म्हणतं, कुणी मला ऐकू जाईल असं. मी वळून नमस्कार करते. एकीनं विचारलं, "तुमच्या घरी चालते का हे असं?" म्हटलं, "घरी नाई चालत, वावरात चालते."

पावसाळ्यात उताराकडच्या भागात पाणी तुंबलं आणि तिथली रोपं मेली. तिथे चर खोदायला हवा होता, ते मला कळलं नाही. मुरमाड जमीन पाणी धरत नाही असं मीच सांगत फिरत होते, आणि तिच्या त्या कोपऱ्यात मुरमाखाली चिकणमाती निघाली. एका सकाळी मी चिखलात उकिडवी बसून काळी पडलेली मुळं पाहत होते. दादा त्याच्या वावरात निघाला होता, बांधावर थांबला.

"मेली ना?" तो म्हणाला.

मी मान वर केली. त्याच्या आवाजात टोमणा होता की काळजी, ते मला आजही सांगता येणार नाही. मला त्यानं फरकही पडत नव्हता.

"मेली," मी म्हटलं. "माही व्हती."

आणि मेलेल्यांच्या जागी नवी रोपं लावत नांग्या भरायला घेतल्या.